रणांगणाआधीचा अभ्यास

सेनाधिकाऱ्याच्या पेशात एक विचित्र अडचण आहे. ज्या कामासाठी त्याला तयार केलेले असते, ते काम प्रत्यक्ष करण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. शल्यविशारद रोजच्या शस्त्रक्रियांनी हात बसवतो. पण तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेल्या कित्येक अधिकाऱ्यांनी मोठे युद्ध एकदाही पाहिलेले नसते. ज्यांनी पाहिले त्यांनीही ते बहुधा तरुणपणी, कंपनी नाहीतर पलटणीच्या पातळीवरून पाहिलेले असते. पुढे हाताखाली डिव्हिजन किंवा कोअर येते, तेव्हा खंदकातला तो अनुभव तोकडा पडतो. शंभर जवानांना टेकडीवर नेणे आणि लाखभर माणसांच्या दाणागोट्याचा, रस्त्यांचा, पावसाळ्याचा विचार करणे ही दोन वेगळी कामे आहेत. मधली पोकळी दुसऱ्यांनी लढलेल्या युद्धांच्या अभ्यासानेच भरून काढावी लागते.

मात्र नुसत्या वाचनाने सेनापती घडतो असे म्हणता येत नाही. ग्रंथ कोळून प्यायलेले आणि रणांगणावर गोंधळलेले अधिकारी इतिहासात पुष्कळ आहेत. वाचलेल्यावर कोणीतरी उलटतपासणी घेतली, ते नकाशावर मांडून पाहिले आणि आपल्या शब्दांत लिहून काढले, तरच ते अंगी मुरते. ज्या सैन्यांनी हे ओळखले, त्यांनी अधिकाऱ्यांच्या शिक्षणाची पद्धतच त्यावर उभी केली.

याची सुरुवात प्रशियात झाली. गेरहार्ड फोन शार्नहोर्स्ट हा हॅनोव्हरकडचा, साध्या घरातला तोफखान्याचा अधिकारी १८०१ मध्ये प्रशियाच्या नोकरीत आला. त्या काळी युरोपातला अधिकारीवर्ग बहुतेक सरदार घराण्यांतला. घोडदौड आणि धाडस एवढे भांडवल पुरेसे मानले जाई. शार्नहोर्स्टने बर्लिनमध्ये तरुण अधिकाऱ्यांची शाळा हाती घेतली आणि जोडीला एक लष्करी अभ्यासमंडळ काढले. सभासदांनी निबंध लिहायचे, ते सभेत वाचायचे, आणि हुद्दा बाजूला ठेवून त्यावर वाद घालायचा, असा तिथला रिवाज होता. या शाळेत एकवीस वर्षांचा कार्ल फोन क्लाउझेविट्झ दाखल झाला. बाराव्या-तेराव्या वर्षीच सैन्यात शिरल्यामुळे त्याचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले होते आणि सुरुवातीचे धडे त्याला पेलत नव्हते. शार्नहोर्स्टने त्याला सांभाळून घेतले. अभ्यासक्रमाच्या शेवटी तो पहिला आला.

हे मंडळ प्रशियाला वाचवू शकले नाही. ऑक्टोबर १८०६ मध्ये येना आणि आउअरश्टेट इथे नेपोलियनच्या फौजांनी प्रशियाच्या सैन्याचा एकाच दिवसात धुव्वा उडवला. पण पराभवानंतर सैन्याची नवी घडी बसवली ती याच मंडळात वाद घातलेल्या माणसांनी. १८१० मध्ये बर्लिनमध्ये युद्धविद्यालय सुरू झाले. पुढे क्लाउझेविट्झ बारा वर्षे त्याचा संचालक होता. त्याच्याकडे फक्त व्यवस्थापनाचे काम होते, काय शिकवायचे यात त्याला फारसा हात घालता येत नसे. बहुधा म्हणूनच त्याला लिहायला वेळ मिळाला. १८३१ मध्ये पटकीच्या साथीत तो गेला आणि युद्धशास्त्रावरचा त्याचा अपुरा ग्रंथ पत्नी मारी हिने पुढल्या वर्षी प्रकाशात आणला. आज जगातल्या बहुतेक युद्धविद्यालयांत तो शिकवला जातो.

याच विद्यालयातून हेल्मुट फोन मोल्टके बाहेर पडला. त्याला सात भाषा येत. तरुणपणी पैशांची इतकी ओढाताण होती की घोडा विकत घेण्यासाठी त्याने गिबनच्या रोमन साम्राज्यावरील प्रचंड इतिहासाचे भाषांतर करायला घेतले होते. प्रशियात रेल्वे नुकती येत होती तेव्हाच त्याने लोहमार्ग कुठून न्यावेत यावर लेख लिहिला आणि एका रेल्वे कंपनीच्या संचालक मंडळावरही काम केले. पुढे १८६६ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध आणि १८७० मध्ये फ्रान्सविरुद्ध त्याने फौजा रेल्वेने सरहद्दीवर नेल्या, तेव्हा वेळापत्रकाची आकडेमोड त्याला नवीन नव्हती.

एका माणसाच्या घडणीत वाचन नेमके कसे काम करते, हे पाहायचे तर ड्वाइट आयझेनहॉवरसारखे उदाहरण नाही. १९१५ साली तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडला तेव्हा १६४ जणांत त्याचा क्रमांक ६१ वा होता. शाळेत असताना त्याला इतिहासाची गोडी होती. अकादमीने ती घालवली. गेटिसबर्गची लढाई तिथे शिकवली जाई ती कोणता ब्रिगेडियर किती वाजता कुठे उभा होता हे पाठ करण्यापुरती. पहिल्या महायुद्धात त्याला फ्रान्सला जायलाच मिळाले नाही. १९२१ च्या जानेवारीत तीन वर्षांचा मुलगा दगावला. पुढल्या वर्षी पनामा कालव्याजवळच्या कॅम्प गेलर्ड या जंगलातल्या छावणीत त्याची बदली झाली, तेव्हा तो बराच खचलेला होता.

तिथला त्याचा वरिष्ठ फॉक्स कॉनर. पहिल्या महायुद्धात जनरल पर्शिंगच्या मुख्यालयात युद्धयोजनांचा प्रमुख होता तो हाच. त्याचा स्वतःचा ग्रंथसंग्रह मोठा होता. इतिहास नको वाटतो असे आयझेनहॉवरने सांगितल्यावर कॉनरने त्याला जाडजूड लष्करी ग्रंथ दिले नाहीत. अमेरिकन यादवी युद्धावरच्या आणि नेपोलियनच्या काळातल्या दोन-तीन ऐतिहासिक कादंबऱ्या दिल्या. त्या आवडल्यावर मग त्या काळात सैन्ये खरोखर कशी लढत हे सांगणारी पुस्तके आली. आयझेनहॉवरने घराच्या वरच्या मजल्यावरच्या जाळीच्या व्हरांड्यात अभ्यासिका थाटली आणि भिंतींवर नकाशे लावले.

कॉनरची पद्धत प्रश्नांची होती. सेनापतीने हा निर्णय घेतला तेव्हा त्याला काय माहीत होते? काय माहीत नव्हते? दुसरे कोणते मार्ग मोकळे होते, आणि ते घेतले असते तर काय झाले असते? दोघे दिवसभर घोड्यांवरून जंगलातल्या वाटा तपासत फिरत, रात्री तळावर शेकोटीपाशी बसून हा तास चाले. क्लाउझेविट्झचा ग्रंथ त्याने आयझेनहॉवरकडून तीनदा वाचून घेतला. त्याखेरीज छावणीच्या रोजच्या कामाचा हुकूम, मग तो कितीही किरकोळ असो, युद्धातल्या आदेशाच्या साच्यात लिहून द्यायची सक्ती होती. परिस्थिती काय, उद्देश काय, कोणी काय करायचे, रसद कुठून, संपर्क कसा. या रोजच्या रियाजाचे महत्त्व चरित्रकार सहसा कमी सांगतात. कादंबऱ्यांची गोष्ट अधिक रंजक वाटते म्हणून असेल. व्हर्सायच्या तहातच पुढच्या महायुद्धाची बीजे आहेत, आणि ते युद्ध दोस्त राष्ट्रांना एका संयुक्त सेनापतीखाली लढावे लागेल, हेही कॉनर त्याच्या मनावर बिंबवत राहिला.

१९२५-२६ मध्ये लेव्हनवर्थच्या स्टाफ स्कूलला आयझेनहॉवर गेला. एका मित्राबरोबर त्याने घराच्या माळ्यावर नकाशे टांगून अभ्यास केला आणि २४५ जणांत पहिला आला. वेस्ट पॉइंटच्या मानाने ही उडी मोठी होती. त्यानंतर त्याला काम मिळाले ते फ्रान्समधल्या अमेरिकन रणभूमींची मार्गदर्शक पुस्तिका तयार करण्याचे. नोकरीच्या दृष्टीने ती अडगळच. पण त्या निमित्ताने त्याला फ्रान्सचे रस्ते आणि नद्या पायाखाली घालता आल्या. बढती मात्र मिळत नव्हती. १९२० पासून १९३६ पर्यंत, सोळा वर्षे, तो मेजरच्या वर गेला नाही. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर अनेक राष्ट्रांच्या फौजा उतरल्या तेव्हा त्यांचा संयुक्त सेनापती तो होता. अनेक वर्षांनी, १९६७ मध्ये आलेल्या आठवणींच्या पुस्तकात त्याने कॉनरचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे.

दोन महायुद्धांमधल्या काळात अमेरिकेचे सैन्य लहान होते, पैसा नव्हता, बढत्या रखडल्या होत्या. नेमक्या याच रिकाम्या काळात तिथे शिक्षणावर भर राहिला. फोर्ट बेनिंगच्या पायदळ शाळेत जॉर्ज मार्शलने छापील साच्यातली उत्तरे मोडीत काढली. नकाशा अर्धवट, बातमी अपुरी, वेळ थोडा अशा स्थितीत निर्णय द्यायला तो विद्यार्थ्यांना भाग पाडी. न्यूपोर्ट इथले नौदलाचे युद्धविद्यालय १८८४ पासूनचे. तिथे चौकटी आखलेल्या जमिनीवर जहाजांच्या छोट्या प्रतिकृती मांडून लढाया खेळल्या जात, आणि त्यातला एक नेहमीचा शत्रू जपान असे. पॅसिफिकमधल्या नौदलाचा सेनापती चेस्टर निमिट्झ १९२२-२३ च्या तुकडीत होता. आत्मघातकी कामिकाझे हल्ले वगळता युद्धात जे घडले ते सारे न्यूपोर्टच्या त्या खोल्यांत आधीच खेळून झाले होते, असे त्याने पुढे नमूद केले. यात थोडी अतिशयोक्ती असेल, तरी पुस्तक आणि युद्ध यांच्यामध्ये खेळ लागतो, हे त्यातून दिसते.

ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यात वाचण्याबरोबर लिहिणारे सेनापतीही झाले. विल्यम स्लिम हा गुरखा पलटणीतला अधिकारी. पगार अपुरा पडे म्हणून तो अँथनी मिल्स या टोपणनावाने मासिकांत गोष्टी लिहीत असे. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून माघार घेताना त्याच्या कोअरची दैना झाली. १९४४ मध्ये इंफाळ-कोहिमाला त्यानेच जपान्यांना रोखले आणि पुढे ब्रह्मदेश परत जिंकला. या मोहिमेवरचे त्याचे पुस्तक १९५६ मध्ये आले. त्यात पराभवाची कारणमीमांसा विजयाइतकीच सविस्तर आहे आणि स्वतःच्या चुका त्याने दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेल्या नाहीत. सेनापतींच्या आत्मचरित्रांत हे विरळाच. व्हाइसरॉय म्हणून भारतीयांना माहीत असलेला लॉर्ड वेव्हेल हा तर इंग्रजी कवितेचा वेडा. त्याला पाठ असलेल्या कवितांचा संग्रह १९४४ मध्ये, तो दिल्लीत असतानाच प्रसिद्ध झाला. सेनापतीच्या कामावर त्याने १९३९ मध्ये केंब्रिजला दिलेली व्याख्याने जर्मन भाषांतरात वाळवंटातला त्याचा शत्रू रोमेल जवळ बाळगत असे.

लष्करी अकादमीचे तोंड न पाहताही काहींनी हा अभ्यास केला. व्हिएतनामचा व्हो न्यूएन झाप हा हनोईतल्या एका खासगी शाळेत इतिहासाचा शिक्षक होता. नेपोलियनच्या लढाया फळ्यावर काढून दाखवण्यात त्याचा हातखंडा होता. जानेवारी १९५४ मध्ये दिएन बिएन फू इथल्या फ्रेंच तळावर झपाट्याने हल्ला चढवायचे ठरले होते, तोफा डोंगरांवर ओढून आणल्या होत्या. ऐनवेळी झापने बेत रद्द केला, तोफा परत उतरवायला लावल्या आणि दीड महिन्याहून अधिक काळ घालवून नव्याने मोर्चेबांधणी केली. मार्चमध्ये हल्ला सुरू झाला आणि ७ मे रोजी तळ पडला. चढाईची घाई करणाऱ्या, नामुष्कीला भिऊन माघार न घेणाऱ्या सेनापतींच्या गोष्टी ज्याने वर्षानुवर्षे शिकवल्या, त्याला हा निर्णय घेणे तुलनेने सोपे गेले असावे.

वाचन घातकही ठरते, आणि त्याचा नमुना जर्मनीतच सापडतो. मोल्टकेनंतरच्या पिढीतला सेनाप्रमुख आल्फ्रेड फोन श्लीफेन हा अत्यंत अभ्यासू माणूस. इसवी सन पूर्व २१६ मध्ये कॅनी इथे हॅनिबलने रोमन सैन्याला दोन्ही बगलांनी वेढून कापून काढले होते. त्या एका लढाईने श्लीफेन झपाटला गेला. निवृत्तीनंतर त्याने त्यावर प्रबंध लिहिले आणि इतिहासातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या विजयात त्याला कॅनीच दिसू लागली. बेल्जियममधून वळसा घालून फ्रेंच सैन्याला वेढण्याच्या त्याच्या कल्पनेवर बेतलेली योजना १९१४ मध्ये मार्न नदीपाशी फसली. विशेष म्हणजे कॅनी जिंकूनही हॅनिबल ते युद्ध शेवटी हरला होता. श्लीफेनला हे अर्थातच ठाऊक होते, पण त्या प्रकरणावर तो रेंगाळला नाही. पटणारे तेवढे उचलणारा वाचक पुस्तके वाढत जातात तसा अधिकच ठाम होत जातो.

अलीकडच्या काळात वाचनाला अधिकृत रूप देण्याचे प्रयत्न झाले. अमेरिकेच्या मरीन कोअरने १९८९ मध्ये प्रमुख जनरल आल्फ्रेड ग्रे यांच्या पुढाकाराने हुद्द्यांनुसार वाचनयादी सुरू केली. शिपायांपासून जनरलपर्यंत प्रत्येकाला वेगळी पुस्तके, आणि त्यांत विज्ञानकादंबरीसुद्धा. याच दलातले जनरल जेम्स मॅटिस यांचा काही हजार पुस्तकांचा संग्रह आणि मोहिमेवर जाताना मार्कस ऑरेलियसचे चिंतन बरोबर नेण्याची सवय प्रसिद्ध आहे. एकट्याच्या आयुष्यात येणारा अनुभव या पेशाला पुरत नाही आणि तो वाढवताना किंमत जवानांना मोजावी लागते, असे त्यांचे म्हणणे. याद्यांचा उपयोग किती होतो हा मात्र प्रश्नच आहे. सक्तीची यादी झाली की ती खूण करण्यापुरती उरते.

भारतात या शिक्षणाचा पहिला मुक्काम महाराष्ट्रात होता. किचनेर सरसेनापती असताना १९०५ मध्ये नाशिकजवळ देवळालीला स्टाफ कॉलेज सुरू झाले आणि १९०७ मध्ये ते क्वेट्ट्याला हलले. स्लिम तिथे शिकला, माँटगोमेरीने तिथे १९३४ ते १९३७ शिकवले, आणि ब्रह्मदेशात पोटात गोळ्या लागून वाचलेले सॅम माणेकशा १९४३ मध्ये तिथल्या अभ्यासक्रमाला होते. फाळणीत क्वेट्टा पाकिस्तानात गेले. भारताने निलगिरीतल्या वेलिंग्टनला नव्याने कॉलेज उभे केले; तिथे तिन्ही दलांचे अधिकारी जवळपास वर्षभर एकत्र शिकतात आणि मद्रास विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडतात.

आजच्या भूसेनेच्या अधिकाऱ्याची वाट साधारण अशी. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षे आणि सोबत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी, मग डेहराडूनला एक वर्ष. नंतर आपापल्या शस्त्राचा अभ्यासक्रम, महूला कनिष्ठ आणि वरिष्ठ नेतृत्वाचे वर्ग, मध्येच स्टाफ कॉलेजची चुरशीची प्रवेश परीक्षा. तिच्यात डावपेच, प्रशासन, कायदा, चालू घडामोडी आणि लष्करी इतिहास असे विषय असतात. ब्रिगेडियरच्या हुद्द्यावर निवडक अधिकाऱ्यांसाठी दिल्लीचे नॅशनल डिफेन्स कॉलेज. नौदलाचे युद्धविद्यालय आधी करंजाला होते, २०११ पासून गोव्यात आहे. म्हणजे वर्गात बसणे पन्नाशीपर्यंत सुटत नाही.

वर्गातले कामही व्याख्यान ऐकण्यापुरते नसते. सँड मॉडेलवर, म्हणजे वाळूत उभारलेल्या भूभागाच्या प्रतिकृतीवर, प्रश्न घातला जातो. ‘ट्यूट’ म्हणजे फौजेविना सराव; अधिकारी प्रत्यक्ष माळावर जाऊन दुर्बिणीतून पाहतात आणि कुठली कंपनी कुठे बसवणार ते सांगतात. मग ‘अ‍ॅप्रिसिएशन’ लिहायचे: उद्दिष्ट, जमीन, शत्रू, वेळ, मोकळे मार्ग आणि त्यातला निवडलेला एक. कॉनरच्या शेकोटीपाशी जे चाले त्याचेच हे संस्थात्मक रूप. पण संस्थेचे दुखणेही सोबत येते. शिकवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, ज्यांना ‘डीएस’ म्हणतात, प्रत्येक प्रश्नाचे मान्य उत्तर असते. ते विद्यार्थ्यांत ‘पिंक’ म्हणून ओळखले जाते. मागच्या तुकड्यांकडून हाती आलेल्या उत्तरांच्या गठ्ठ्याला ‘पीसीके’, प्रीव्हियस कोर्स नॉलेज, असे विनोदी नाव आहे. बढती गुणांवर अवलंबून असली की वाद घालण्यापेक्षा गठ्ठा पाठ करणे शहाणपणाचे ठरते. वेस्ट पॉइंटच्या गेटिसबर्गची तऱ्हा याहून फार निराळी नव्हती.

असे असूनही या व्यवस्थेतून स्वतंत्र विचार करणारे निघाले. जनरल के. सुंदरजी यांनी महूच्या कॉलेज ऑफ कॉम्बॅटचे प्रमुख असताना १९८० च्या सुमारास अण्वस्त्रांच्या छायेतल्या युद्धावर टपालाने चर्चासत्र घडवून आणले. देशात उघडपणे या विषयावर बोलायला त्या काळी कोणी फारसे तयार नव्हते. माजी सेनाप्रमुख मनोज नरवणे हे पुण्याचे. नोकरीत असताना त्यांनी संरक्षणशास्त्रात पदव्युत्तर पदवी आणि एम. फिल. केले, आणि निवृत्तीनंतर कादंबरीही लिहिली.

अभ्यास असून तो वर ऐकला गेला नाही, याचे उदाहरण कोल्हापूरकडच्या लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरातांचे. पूर्व विभागाचे सेनापती असताना त्यांनी १९५९ मध्ये चीनच्या सरहद्दीच्या संरक्षणाची योजना तयार केली. सीमेवर विखुरलेल्या चौक्या टिकणार नाहीत, लढाई मागे, आपल्या रसदीच्या आवाक्यात असलेल्या जागी द्यावी, असा तिचा रोख होता. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाचा सराव घेऊन त्यांनी चीनचा हल्ला कसा येईल याचा पट मांडला. सेनाप्रमुख थिमय्यांना योजना पटली, संरक्षणमंत्री कृष्ण मेननना पटली नाही. १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी चीनच्या हल्ल्यात घडायचे ते घडले, भारताचा पराभव झाला.

त्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांनी केली. १९६३ मध्ये सादर झालेला त्यांचा अहवाल सरकारने अजून खुला केलेला नाही. त्याचा काही भाग २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी परस्पर जगापुढे ठेवला. युद्धाच्या नोंदी साधारण पंचवीस वर्षांत खुल्या कराव्यात आणि युद्धाचा इतिहास पाच वर्षांत लिहून व्हावा, असे धोरण संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये जाहीर केले. तोवर बासष्टचा अभ्यास करणाऱ्या भारतीय अधिकाऱ्याला त्या काळातल्या माणसांच्या आठवणींवरच बरेचसे भागवावे लागले: थोरातांचे आत्मचरित्र, आणि नामका चूच्या काठी ब्रिगेड गमावून चिन्यांचे कैदी झालेल्या ब्रिगेडियर जॉन दळवींचे १९६९ मधले पुस्तक.